हिवराखालचं घमेलं

"लांब हाय त्याची पाळी पहिली, आप्पा."

असं म्हणून मिस्त्री मला हातानं पुढं व्हा म्हणायचे आणि स्वतः मागं उभे राहून आपली लाल थाळी पायजम्याच्या गुडघ्यावर पुसायचे. दोनदा. एकदा पालथी, एकदा उताणी. थाळीला काही लागलेलं असो नसो, पुसणं व्हायचंच.

सुरुवातीला मला वाटलं, माणूस मान देतोय. मी चार-दोन उन्हाळ्यांनी थोरला, रान माझं, तेव्हा पहिली पाळी माझी, हे बरोबरच. मी टोपी सारखी करून पुढं व्हायचो आणि थाळी फेकायचो. फार उशिरा कळलं की तो खेळाचा कायदाच आहे. ज्याची थाळी टोपलीपासून जास्त लांब पडली असेल, त्यानं आधी फेकायची. म्हणजे मला रोज पहिली पाळी मिळत होती ती मी मागं राहिल्यामुळं.

हे कळल्यावर मी पुढच्या बाजारापर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. मग मीच गेलो.

"मला आधी कावून सांगितलं न्हाई?"

"रोजच सांगत होतो की," मिस्त्री म्हणाले. "तुमी मान समजून घ्यायलालते. म्हणलं घेऊ द्या."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला बसलो की ओळ चढावर चढल्यासारखी वर जाते. पण या माणसाबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मीच लिहितो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तुमच्यापैकी कुणी धारूरकडून आमच्या गावाला आला असाल, तर फाट्यावर लिंबाखाली पत्र्याचं एक दुकान पाहिलं असेल. दाराला एक टायर टांगलेलं असायचं. आता दुकान बंद आहे, टायरही कुणी नेलं. तिथं मिस्त्री बसायचे. मूळचे घाटनांदूरचे, पण सगळा जन्म आमच्या फाट्यावर गेला. सायकली, पुढं मोटारसायकली, आणि गावोगावचे हापसे. त्यांना नाव होतं, चांगलं होतं. पण मी त्यांना तोंडानं कधी नावानं हाक मारली नाही, तर कागदावर कशाला मारू.

काम करताना ते डोक्यावरची टोपी घडी करून खिशात ठेवायचे, तेल लागू नये म्हणून. आणि सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी हँडल फडक्यानं पुसायचे, दोनदा. थाळी पुसायची सवय तिथली. हातातली कुठलीही चीज पुसल्याशिवाय त्यांच्या हातून सुटायची नाही.

सायकली कमी झाल्या. मोटारसायकलींची मोठी दुकानं तालुक्याला झाली. मिस्त्रींची घरवाली वारली. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात, कुठल्याशा गोदामात नोकरीला. तो येऊन त्यांना घेऊन गेला. आम्हाला वाटलं गेला माणूस. पण पुढच्या सुगीला मिस्त्री एका पिशवीसह फाट्यावर उतरले.

मी विचारलं, "कसं हाय तिकडं?"

"थंडी लई. रस्ते साफ. माणूस दिसत न्हाई."

"मग दिवसभर काय करायचा?"

"घरामागं मैदान हाय, आप्पा. तिथं खांब लावलेत लोखंडी. खांबाला साखळ्या, खाली टोपली. लांबून थाळी टाकायची. साखळीला लागली की टोपलीत पडती. पोरगा, सून कामावर गेले की मी तिथं जाऊन उभा राहायचो. एक गोरा म्हातारा रोज एकटा खेळायचा. एक दिवस त्यानं माझ्या हातात थाळी दिली."

"बोलायचा काय त्याच्याशी?"

"काय बोलतो. त्याचं मला कळत न्हाई, माझं त्याला कळत न्हाई. त्यानं नाव सांगितलं, मला म्हणता येईना. मी माझं सांगितलं, त्याला म्हणता येईना. मग सोडलं दोघांनी. खेळायचो, आपापल्या घरी जायचो."

निघताना त्या म्हाताऱ्यानं मिस्त्रींना दोन थाळ्या दिल्या. एक लाल, एक पिवळी. जेवायच्या थाळीपेक्षा लहान, प्लास्टिकच्या, कडेला जाड. मिस्त्रींनी पिशवीतून काढून दाखवल्या. मग इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "आप्पा, तुमचा तो बरड मला देता का?"

"कशाला? तिथं कुसळाशिवाय काही उगवत न्हाई."

"पेरायला न्हाई. खेळायला."

मी त्यांच्या दाढीकडं बघितलं. पांढरी झालेली. म्हणलं, "वय काय तुमचं, मिस्त्री?"

"तुमच्यापेक्षा कमीच हाय."

म्हणलं घ्या.

बरड म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं माझं मुरमाड रान. नांगर लावला की दगडावर ठिणग्या उडतात. दोन बोरी, मधे एक जुना हिवर, आणि एका कडेनं खोल घळ. पण मोकळं आहे. हवा स्वच्छ असली की धारूरच्या किल्ल्याची रेघ दिसते, आणि संध्याकाळी घाटाकडून वारं येतं. बायको गेल्यावर मी तसाही तिथंच जाऊन बसायचो. पोरं पुण्याला. घरात बसलं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा होतो.

मिस्त्रींनी टोपल्या स्वतः केल्या. हापशाचे जुने पाईप होते, त्यांचे खांब. वर सायकलीची रिंग आडवी जोडलेली, तिच्याभोवती जुन्या चैनी तोडून साखळ्यांसारख्या लोंबकळत सोडलेल्या. खाली घमेलं. बांधकामावर सिमेंट उचलतात तेच, मधे भोक पाडून पाईपात घातलेलं. थाळी साखळ्यांना लागली की त्या तिचा जोर खातात आणि ती घमेल्यात पडते. छन्न असा आवाज येतो. तो आवाज मला पहिल्या दिवशीच आवडला.

रिंगा पुरल्या तेवढ्या, म्हणून सहाच टोपल्या झाल्या. पहिली बोरीजवळ, मग फिरत फिरत घळीच्या कडेनं, पाचवी हिवराखाली, सहावी परत वाटेवर. पहिलीपासून निघायचं, प्रत्येक टोपलीत थाळी घालायची, तिथूनच पुढच्या टोपलीकडं फेकायची. ज्याला सगळं मिळून कमी वेळा फेकावं लागेल तो जिंकला.

हे मला पटेना. म्हणलं, "जास्त फेकणारा हरला? मग जो घरीच बसला तो जिंकला की."

"हां. त्या हिशोबानं सगळं गाव जिंकलंय, आप्पा. आपण दोघंच हरायलोय."

मला गोफणीची सवय. जवान होतो तेव्हा माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं मी एकट्यानं हाकायचो, शेजारच्या रानातले लोक आपली गोफण ठेवून माझी बघायचे. थाळीसुद्धा मी तशीच, डोक्यावरून हात फिरवून, सगळ्या ताकदीनं सोडायचो. ती उभी व्हायची आणि घळीत जायची. मी उतरायचो, काट्यातून काढून आणायचो, परत तशीच फेकायचो. परत घळीत.

मिस्त्री वर कडेला उभे राहून शांतपणे म्हणायचे, "पाखरं न्हाई हाकायची, आप्पा. नुसती सोडा हातातून."

"मी माझ्या पद्धतीनं फेकणार."

"फेका. मी हाय इथं."

मी पद्धत बदलली नाही. आजही बदललेली नाही म्हणलं तर चालेल. त्यामुळं मी हरायचो. पाचवी टोपली तर माझी वैरीण. हिवराचं खोड बरोबर वाटेत, माझी थाळी त्याच्यावर जाऊन आपटायची. मिस्त्रींची लाल थाळी खोडाच्या बाजूनं जायची, जाता जाता कलायची आणि वळून साखळीत शिरायची. जणू तिला घर माहीत होतं.

गावात चेष्टा झाली. पारावर एक जण म्हणाला, "आप्पा, ऐकलं तुमी थाळ्या फेकायलाव. घरी भाकरी वाढायला कुणी न्हाई म्हणून का?"

मी म्हणलं, "ये की बे बरडावर. तू फेकून दाव."

आला. फेकली. बोरीच्या शेंड्यावर अडकली. काठीनं पाडता पाडता त्याचा सदरा फाटला. परत कुणी आलं नाही, आणि आम्हाला कुणी यायला नकोच होतं. थाळ्या तरी कुठं जास्त होत्या.

बोलणं फार नसायचं. खेळ झाला की हिवराखाली बसायचो. मिस्त्री पाईपाच्या बुडाला पायानं माती दाबून बघायचे, हलतो का म्हणून. एकदा असंच बसलेलो असताना मरणाचं निघालं. आम्ही लिंगायत, मिस्त्रींच्यासारखी आमच्यातही माणसाला माती देतात, जाळत नाहीत.

मिस्त्री म्हणाले, "तुमच्यात मातीत बसवतात, आमच्यात निजवतात. एवढाच फरक."

"निजलेलं बरं," मी म्हणलं. "बसून बसून कंबर दुखती."

ते लई हसले. हसता हसता खोकला आला. मग डोळे पुसून म्हणाले, "जो मागं राहील त्यानं येऊन माती द्यायची, आप्पा. ठरलं?"

म्हणलं ठरलं. त्यात काय.

आता पाचव्या टोपलीचं सांगतो.

आमच्या गावात एक शेळ्यावाली म्हातारी आहे. नवरा नाही, मूल नाही, शेळ्या आहेत. एक दिवस तिची गाभण शेळी हरवली. घळीत लांडगा येतो हे सगळ्यांना माहीत. म्हातारी दिवसभर रडत फिरली. तिन्हीसांजेला शेळी सापडली ती हिवराखाली. गळ्यातलं दावं पाचव्या खांबाला गुंडाळलं जाऊन ती तिथंच अडकून उभी होती. म्हातारीनं वर बघितलं तर साखळ्या लोंबकळतात, खाली लोखंडी पात्र. तिनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर घमेल्यात नारळ.

मिस्त्रींनी घमेल्याच्या कडेवर बोटानं टिचकी मारली. मग म्हणाले, "आप्पा, हे घमेलं माझ्या मोरीच्या बांधकामातलं हाय. त्यात मी सिमेंट कालवलंय."

आम्ही हसलो. नारळ उचलून बाजूला ठेवला, खेळलो, परत घमेल्यात ठेवला. पण पुढच्या मंगळवारी खांबाला हळदकुंकू लागलं. मग फुलं. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. एक म्हणाला, साखळी आहे म्हणजे खंडोबाचा लंगर. दुसरा म्हणाला, नाही, पीर आहे, आणि एक हिरवा धागा बांधून गेला. हिवराखाली सावली बरी, बाया बसायला लागल्या. त्या असल्या की आम्ही थांबायचो. कधी कधी अंधारच पडायचा.

मी म्हातारीला गाठलं. "तुमच्या शेळीपायी माझा खेळ मोडायलाय."

"मला काय ठावं खेळ हाय म्हणून," ती म्हणाली. "रोज दोन म्हातारे गपगुमान साखळीपुढं उभं राहतेत. मला वाटलं तुमीबी पाया पडायलाव."

तिचंही खरं होतं.

मग गावातली चार माणसं माझ्याकडं आली. खांबाभोवती ओटा बांधायचा, वर पत्रा टाकायचा. त्यातला एक म्हणाला, "आप्पा, देव तुमच्या रानात आला. तुमी मानकरी. पहिला नारळ तुमचा."

मला मान आवडतो, हे वर लिहिलंच आहे. पण मी म्हणलं, "देव आला असंल तर पाहुणा म्हणून राहू द्या. घर बांधून देणार न्हाई. तिथं खेळ हाय."

"देवावर थाळ्या फेकणार तुमी?"

"देव यायच्या आधीपासून फेकायलोय."

ते रागानं गेले. ओटा झाला नाही. माझ्या रानात माझ्या होकाराशिवाय दगड हलत नाही. मी संध्याकाळी मिस्त्रींना हे सगळं ऐटीत सांगितलं. ते ऐकत होते, थाळी पुसत होते, पण हसले नाहीत.

आम्ही खेळायला लागलो. चौथी झाली. मी पाचवीच्या रोखानं उभा राहिलो, तर मिस्त्री सहावीच्या वाटेला लागलेले.

"ओ मिस्त्री. पाचवी राहिली."

"राहू द्या, आप्पा. ती लोकांची झाली आता."

"लोकांच्या बापाची हाय का? पाईप तुमचा, रान माझं. या इकडं."

ते परत आले. जवळ येऊन हळू म्हणाले, "आप्पा, तुमी थाळी टाकली तर लोक म्हणतील, म्हातारा चळला. मी टाकली तर काय म्हणतील?"

मी घळीकडं बघत राहिलो. ते सहावीकडं गेले. मी मागून गेलो.

त्या दिवसापासून खेळ पाचाचा झाला. आणि पाचवी नसल्यामुळं मी जिंकायला लागलो. हिवर वाटेत नाही म्हणल्यावर काय. मिस्त्री म्हणायचे, "जिंकलाव, आप्पा." मी म्हणायचो, "मी हे मानत न्हाई. पाचवी राहिलीय." ते म्हणायचे, "तुमच्यासारखा माणूस बघितला न्हाई. हरलं तरी भांडायचं, जिंकलं तरी भांडायचं." पण मला खरंच ते जिंकणं नको होतं. मला एकदा सहाही टोपल्या खेळून हरायचं होतं. मनात दुसरं काही नव्हतं तेव्हा. घरी भाकरी खाताना, निजताना, तेच. मिस्त्रींनी एकदा पाचवीत थाळी टाकावी. माझ्या रानात माझ्या माणसाला वाट वाकडी करून जावं लागतं, हे माझ्या घशाखाली उतरेना.

उन्हाळा संपता संपता त्यांचा खोकला वाढला. चालताना मधेच थांबायचे आणि किल्ला बघितल्याचं सोंग करायचे. मुलगा आला. दुकान बंद केलं, खोली सोडली. या वेळी पिशवी नव्हती, मोठ्या बॅगा होत्या.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही खेळलो. त्या दिवशी हिवराखाली कुणी नव्हतं. उदबत्तीची काडी जळून गेलेली, घमेल्यात एक नारळ, बस. चौथी झाल्यावर मी म्हणलं, "मिस्त्री, कुणी न्हाई. आज टाका."

त्यांनी थाळी गुडघ्यावर पुसली. दोनदा. मग परत पुसली. परत. हिवराकडं बघत पुसतच राहिले. मग थाळी काखेत घातली.

"चोरून नको, आप्पा," ते म्हणाले. "परत आलो की खेळू. चार माणसांदेखत."

सहावीला त्यांनी थाळी घमेल्यात घातली, काढली, पुसली आणि माझ्या हातात दिली. "ठेवा. आल्यावर घेतो."

"तिकडं कशानं खेळणार?"

"तो म्हातारा हाय की."

नंतर कधीमधी फोन यायचा. माझा साधा फोन, कानाला लावला की समुद्रासारखा आवाज यायचा आणि त्यातून मिस्त्री. आमच्याकडं संध्याकाळ तेव्हा त्यांच्याकडं सकाळ. पहिल्याच फोनला मी विचारलं, "गेलते का मैदानात?"

"गेलतो. तो म्हातारा येत न्हाई आता."

"कुठं गेला?"

"कुणाला विचारू? नाव माहीत न्हाई." मग म्हणाले, "तुमी? पाचवी खेळलाव का?"

"न्हाई. तुमी आल्यावर."

"सहावी?"

"सहावी खेळतो. हरतो."

"एकटेच कसे हरता हो?"

"तुमची लालबी मीच टाकतो. ती जिंकती."

हे ऐकून ते हसले. मग खोकला आला, आणि मुलानं फोन घेतला. त्यानंतर प्रत्येक फोनला हेच बोलणं. पाचवी खेळलाव का. न्हाई, तुमी आल्यावर.

मागच्या हिवाळ्यात फोन आला तेव्हा त्यात मिस्त्रींचा आवाज नव्हता. मुलगा बोलत होता. चांगला मुलगा आहे, मला चाचा म्हणतो. त्यानं सांगितलं की आदल्या दिवशी झालं आणि तिथंच दफन केलं. मी विचारलं, माती कशी आहे तिकडची. त्याला प्रश्न कळला नाही. म्हणाला, "थंडीनं कडक झालेली, चाचा. मशीननं खोदावी लागली." मी बरं म्हणलं. ठरलेलं होतं की मागं राहील त्यानं माती द्यायची, आणि मी इथं हातात फोन घेऊन बसलेलो. पासपोर्ट म्हणजे काय असतो ते मी बघितलेलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मी बरडावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. दोन्ही थाळ्या घेतल्या.

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. नेहमीसारखा खेळलो. माझी घळीत गेली, काढून आणली. चौथीवरून बघतो तर हिवराखाली शेळ्या, आणि पलीकडं दोन-तीन बायांबरोबर ती म्हातारी बसलेली. वाटेवरून गुरं घेऊन माणसंही चाललेली. मी तिथंच थांबलो. सहावीच्या वाटेला गेलो नाही.

म्हातारी उठली. गावात बातमी पोचलेली होती. ती माझ्याकडं बघत राहिली, मग माझ्या हातातल्या थाळ्यांकडं.

"आप्पा," तिनं तिथूनच हाक मारली, "मिस्त्रींनी ही कदी खेळली न्हाई ना मग?"

"न्हाई. तुमी देव बसवल्यापास्नं न्हाई."

घमेल्यातले नारळ एकेक काढून तिनं ओच्यात घेतले. फुलं काढली. पदरानं घमेलं आतून पुसलं. साखळ्यांत गुंतलेला हिरवा धागा सोडवून खांबाला खाली बांधला, म्हणजे थाळीच्या आड येणार नाही. मग बायांना म्हणाली, "सरका गं तिकडं. खेळू द्या त्यास्नी." शेळ्या हाकून ती बाजूला उभी राहिली, नारळ पोटाशी धरून.

"टाका, आप्पा. देव काय रागावत न्हाई. शेळी दिलीय त्यानं मला, एवढं तर चालंल."

वाटेवरची माणसं थांबली. मला ते चाललं. चार माणसांदेखतच व्हायचं होतं.

माझ्या दोन्ही हातांत थाळ्या. पिवळी माझी. रान माझं, वय माझं जास्त, आणि मान मला आवडतो. पण खेळाचा कायदा आहे. लांब आहे त्याची पाळी पहिली.

मी लाल थाळी धोतराच्या गुडघ्यावर पुसली. एकदा पालथी, एकदा उताणी. आणि गोफणीसारखी नाही, नुसती हातातून सोडली. ऊन समोरून येत होतं, ती कुठं गेली ते मला नीट दिसलं नाही. हिवराच्या बाजूनं कलली एवढं दिसलं. मग साखळ्या वाजल्या.

आता माझी पाळी होती.